पाचवी तबकडी घ्यावी का?

प्रश्न : मी छत्तीस वर्षांचा असून कर्वेनगरला राहतो आणि भोसरीतील एका कारखान्यात अभियंता आहे. महाविद्यालयात असताना एका चित्रपट मंडळात १९७३ सालचा ‘ला प्लानेत सोव्हाज’ हा फ्रेंच विज्ञानपट पाहिला आणि त्यातले आलँ गोरागेर यांचे फंक ढंगाचे पार्श्वसंगीत मनातून गेलेच नाही. आज माझ्याकडे त्या संगीताच्या तबकडीची चार वेगवेगळी प्रेसिंग, म्हणजे वेगवेगळ्या वेळी साच्यातून दाबून काढलेल्या आवृत्त्या, आहेत. ती सगळी नंतरच्या काळातली आहेत. एक रंगीत आहे, एक १८० ग्रॅमची. आता फ्रान्समधला एक विक्रेता १९७३ चे पहिले प्रेसिंग ‘व्हेरी गुड प्लस’ दर्जाचे म्हणून ३८ हजार रुपयांना देऊ करतो आहे. पत्नी विचारते, एकच संगीत पाचव्यांदा कशाला? शेवटच्या दोन तबकड्या मी कार्यालयाच्या पत्त्यावर मागवल्या आणि त्याबद्दल घरी अजून बोललेलो नाही. मूळ प्रेसिंग खरोखर चांगले वाजते का, ते खरे आहे हे कसे ओळखावे, आणि पुण्याच्या पावसाळ्यात एवढा महागडा ऐवज कसा टिकवावा? शिवाय वडिलांच्या नाट्यगीतांच्या जुन्या ७८ गतीच्या तबकड्या घरात आहेत. मी डिस्टिल्ड पाणी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल यांच्या मिश्रणाने माझ्या तबकड्या धुतो. तेच त्यांनाही चालेल का?

उत्तर : तुमच्या पहिल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तुमच्याच कपाटात आहे आणि ते तुम्ही अजून काढून पाहिलेले दिसत नाही. चार प्रेसिंग जवळ असताना त्यांतले कोणते कसे वाजते याविषयी तुमच्या पत्रात एकही वाक्य नाही. वजन आहे, रंग आहे, किंमत आहे. पहिले प्रेसिंग घेऊ नका असे मी म्हणणार नाही, किंबहुना या संगीतावर तुमचा जीव आहे हे पाहता ते तुमच्याकडे असावे असेच मला वाटते. परंतु ते विकत घेण्यापूर्वी दोन गोष्टी झाल्या पाहिजेत. आधीच्या चार तबकड्या नीट ऐकून त्यांतल्या ठेवायच्या कोणत्या हे ठरले पाहिजे, आणि कार्यालयाच्या पत्त्यावर आलेल्या दोन तबकड्या उघडपणे घरी पोहोचल्या पाहिजेत.

हे संगीत इतके हवेहवेसे का झाले, हे इतर वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. रेने लालू यांनी दिग्दर्शित केलेला हा ७२ मिनिटांचा ॲनिमेशनपट स्तेफान वुल यांच्या १९५७ सालच्या कादंबरीवर आधारलेला आहे. चित्रकल्पना रोलाँ तोपोर यांची, आणि प्रत्यक्ष काम झाले ते प्रागमधल्या यीर्झी त्रन्का स्टुडिओत. कागदी कातरचित्रे हलवून उभ्या केलेल्या त्या परग्रहावर अवाढव्य निळे ड्राग राहतात आणि माणसांना पाळीव प्राण्यांसारखे वागवतात. १९७३ च्या कान महोत्सवात त्याला विशेष पारितोषिक मिळाले. अशा चित्रपटाला एखाद्याने विद्युत्ध्वनींचे गूढ, थंड संगीत दिले असते. गोरागेर यांनी संथ ड्रमचा ठेका, जाडसर बेस, वा-वा पेडलवर बोलणारी गिटार, इलेक्ट्रिक पियानो, बासरी, व्हायोलिनांचा ताफा आणि शब्दांविना गाणारे स्त्रीस्वर एकत्र आणले. ते मुळात जॅझ पियानोवादक. फ्रेंच लेखक व गीतकार बोरिस व्हियाँ यांच्याबरोबर त्यांनी काम केले, गायक-गीतकार सर्ज गेन्सबुर यांच्या सुरुवातीच्या तबकड्यांचे संगीत-संयोजन केले, आणि १९६५ साली युरोव्हिजन स्पर्धा जिंकणाऱ्या गायिका फ्रान्स गाल यांच्या गाण्याचे संयोजनही त्यांचेच होते. १९३१ साली जन्मलेले गोरागेर २०२३ च्या फेब्रुवारीत वारले.

तबकडीवरचे बहुतेक तुकडे एक-दोन मिनिटांचेच आहेत आणि एकच मुख्य सुरावट वेगवेगळ्या वाद्यांतून, वेगवेगळ्या गतीने पुन्हा पुन्हा भेटते. माणसांच्या सामूहिक संहाराच्या प्रसंगाशी जोडलेल्या तुकड्यांतही ठेका तसाच डौलदार राहतो, आणि मला हे या संगीताचे सर्वांत धीट वैशिष्ट्य वाटते, कारण त्यामुळे ड्रागांची निर्विकारता आपल्याला ऐकू येते. जुन्या तबकड्यांतले तुकडे उचलून नवी गाणी रचणाऱ्या हिप-हॉप संगीतकारांचे लक्ष या छोट्या, मोकळ्या तुकड्यांकडे गेले नसते तरच नवल होते. अमेरिकी संगीतकार मॅडलिब यांनी क्वासिमोटो या नावाने २००० साली काढलेल्या अल्बममध्ये यातला एक तुकडा वापरला, इतरांनीही वापरले, आणि फ्रान्सबाहेर फारशी ठाऊक नसलेली पाथे कंपनीची ही तबकडी शोधणाऱ्यांची संख्या वाढत गेली. लंडनच्या डीसी रेकॉर्डिंग्ज आणि पॅरिसच्या सुपरफ्लाय रेकॉर्ड्स यांनी तिची नवी प्रेसिंग काढली ती या मागणीनंतर.

आता मूळ प्रेसिंग चांगले वाजते का, याविषयी. तबकडीचा आवाज तीन ठिकाणी ठरतो. मूळ फितीवरून लॅकरच्या चकतीवर खाच कोरली जाते, तेव्हा कोरणारा तंत्रज्ञ बेस किती ठेवायचा, वरचे स्वर किती दाबायचे हे ठरवतो. हा पहिला आणि सर्वांत निर्णायक टप्पा. त्या लॅकरवर चांदीचा पातळ थर आणि मग निकेल चढवून साचे बनवतात, आणि एका साच्यातून हजाराच्या आसपास तबकड्या निघाल्या की त्याच्या कडा झिजू लागतात, म्हणून एकाच आवृत्तीतल्या दोन तबकड्यांतही फरक पडू शकतो. तिसरा टप्पा कारखान्यातला, म्हणजे प्लास्टिक किती शुद्ध होते आणि तबकडी दाबून किती सावकाश थंड केली गेली, याचा. १९७३ च्या प्रेसिंगच्या बाजूने सांगण्यासारखी मोठी गोष्ट ही की तेव्हा मूळ फीत ताजी होती आणि कोरणाऱ्याला ती तशीच मिळाली. नंतरची आवृत्ती त्याच फितीवरून थेट कोरली गेली आहे, तिच्या डिजिटल प्रतीवरून कोरली आहे, की कोणीतरी जुनी तबकडी वाजवून तिचेच पुन्हा ध्वनिमुद्रण केले आहे, यावर तिचे मोल ठरते, आणि कव्हरवरच्या स्टिकरवरून ते नेहमी कळत नाही. कानांनी मात्र बरेचसे कळते.

तबकडीचे वजन आणि रंग यांना मी जवळजवळ काहीच महत्त्व देत नाही. १८० ग्रॅमची तबकडी हातात भारदस्त वाटते आणि थोडी कमी वाकते, पण खाचेत जे कोरलेले नाही ते जाडीमुळे ऐकू येत नाही. रंगीत प्लास्टिक चांगल्या कारखान्यात दाबले असेल तर ते काळ्याइतकेच शांत वाजते. चित्र छापलेल्या तबकड्या मात्र बहुधा अधिक खरखरतात. दुकानदार ज्या गोष्टींचे पैसे वाढवून मागतो त्या दिसणाऱ्या असतात, हे संग्राहकाने सुरुवातीलाच मनाशी पक्के करावे.

म्हणून माझी सूचना अशी. एका रविवारी दुपारी चारही तबकड्या स्वच्छ करून ठेवा आणि त्या बदलण्याचे काम पत्नीला करायला सांगा; तुम्ही टर्नटेबलकडे पाठ करून बसा. प्रत्येक तबकडीचा आवाज आधी सारखा करून घ्या, त्यासाठी मोबाइलमधले ध्वनिमापक पुरेसे आहे, कारण जी थोडी मोठ्याने वाजते ती आपल्याला आपोआप चांगली वाटते आणि पुष्कळ संग्राहक यात फसतात. मग तीन जागा ऐका. पहिल्या बाजूच्या सुरुवातीचा एखादा ठेक्याचा तुकडा घ्या आणि बेस आणि पायाने वाजवला जाणारा मोठा ड्रम वेगळे ऐकू येतात की एकमेकांत मिसळून घुमतात ते पाहा. नंतर फक्त बासरी किंवा स्त्रीस्वर असलेली शांत जागा घ्या. मागची खरखर आणि कारखान्याचा निष्काळजीपणा तिथे लपत नाही. शेवटी लेबलाजवळचा, बाजूच्या अखेरीचा तुकडा ऐका. तबकडी एकाच गतीने फिरत असली तरी आत जाताना खाचेचा घेर लहान होत जातो, सुईखालून सरकणारी लांबी कमी होते, आणि वरचे स्वर तिथे फाटू लागतात. ज्याने काळजीपूर्वक कोरले आहे त्याची तबकडी या जागी सावरलेली असते.

प्रत्येक वेळी तुमचे मत पत्नीने लिहून ठेवावे आणि कोणती तबकडी होती ते शेवटीच सांगावे. या दुपारनंतर दोन गोष्टी घडतील असे मला वाटते. चारपैकी दोन तबकड्यांमधला फरक तुम्हाला सांगता येणार नाही, आणि मग त्यांतली एक किंवा दोन्ही विकायला हरकत उरणार नाही. नंतरच्या आवृत्त्यांनाही घेणारे असतात. दुसरे असे की ‘एकच संगीत पाचव्यांदा कशाला’ या प्रश्नाला तुम्हाला तोंडी उत्तर द्यावे लागणार नाही, कारण फरक असेल तर तो त्यांनीही ऐकलेला असेल. आणि त्यांना फरक ऐकू आला नाही, तर तेही मोकळेपणाने मान्य करा. तरीही तुम्हाला १९७३ ची वस्तू म्हणून ती तबकडी हवी असू शकते, तोपोर यांचे चित्र त्या काळच्या छपाईत हवे असू शकते, आणि ही इच्छा अगदी रास्त आहे. तिला आवाजाचे कारण चिकटवण्याची गरज नाही.

कार्यालयाच्या पत्त्याविषयी मला स्पष्ट बोलले पाहिजे. तुमची पत्नी संगीताच्या विरोधात आहे असे तुमच्या पत्रातून दिसत नाही. त्यांनी एक साधा प्रश्न विचारला आणि तुम्ही त्याचे उत्तर देण्याऐवजी पार्सलाची वाट बदललीत. ३८ हजार रुपये हा बहुतेक मध्यमवर्गीय घरांत दोघांनी मिळून घ्यायचा निर्णय असतो, मग तो शीतकपाटाचा असो वा तबकडीचा. लपवून आणलेली वस्तू घरात उजळ माथ्याने वाजवता येत नाही, आणि जी वाजवता येत नाही ती तबकडी घेऊन तुम्ही करणार काय? त्या रविवारच्या आधीच, तबकड्या आणि त्यांच्या खऱ्या किमती यांसह, सांगून टाका. त्या रागावतील, आणि तो राग ऐकून घ्यावा लागेल. त्यानंतर दोघांनी मिळून वर्षाची एक रक्कम ठरवा आणि विकलेल्या तबकड्यांचे पैसे त्यात जमा करत जा. एक साधी वही ठेवा : कोणती तबकडी, कोणत्या कारखान्याची, कितीला घेतली, कोणत्या अवस्थेत, आणि शेवटची कधी वाजवली. हा शेवटचा रकाना सर्वांत बोलका असतो.

आता खरेखोटे ओळखण्याविषयी. पहिली खूण नकारार्थी आहे आणि खात्रीची आहे. दुकानात बारकोड वाचून पहिली विक्री झाली ती १९७४ च्या जूनमध्ये, अमेरिकेत. त्यामुळे कव्हरवर छापील बारकोड असेल तर ते १९७३ चे कव्हर नाही. दुसरी खूण तबकडीच्याच अंगावर असते. शेवटची खाच संपून लेबल सुरू होईपर्यंतची जी गुळगुळीत पट्टी असते, जिला संग्राहक डेड वॅक्स म्हणतात, तिच्यावर कोरलेले किंवा ठोकलेले आकडे आणि अक्षरे असतात. विक्रेत्याकडे दोन्ही बाजूंच्या या पट्टीचे तिरप्या प्रकाशात काढलेले फोटो मागा आणि डिस्कॉग्जसारख्या तबकड्यांच्या ऑनलाइन सूचीत पहिल्या प्रेसिंगसाठी नोंदवलेल्या आकड्यांशी अक्षरन् अक्षर ताडून पाहा. लेबलाची नक्कल करणे सोपे आहे, या पट्टीची तशीच्या तशी नक्कल करणे फार कठीण. तिसरी खूण छपाईची. जुन्या कव्हरचा फोटो काढून नवे छापले की बारीक अक्षरांच्या कडा विरतात आणि भिंगाखाली अक्षरांतही ठिपके दिसतात. मूळ छपाईत अक्षरे सलग आणि धारदार असतात.

पाथे ही तेव्हा ईएमआय या ब्रिटिश ध्वनिमुद्रण समूहातली कंपनी होती आणि पाथे-मार्कोनीचा मोठा कारखाना पॅरिसजवळ शातू येथे होता. त्याच समूहाच्या कलकत्त्यातल्या दमदमच्या कारखान्यातून आपल्या घरोघरच्या एचएमव्हीच्या तबकड्या निघत. तेव्हा तुमच्या वडिलांचा संग्रह आणि तुमचा संग्रह यांचे नाते तुम्हाला वाटते त्यापेक्षा जवळचे आहे. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी फिरलात तर दमदमच्या तबकड्या मिळतील आणि त्या चाळताना डेड वॅक्स वाचण्याचा, कव्हरची छपाई पारखण्याचा सराव फारसे पैसे न घालता होईल. फ्रेंच पाथे तिथे सापडण्याची आशा मात्र धरू नका.

‘व्हेरी गुड प्लस’ या दर्जाने दिशाभूल होऊ देऊ नका. जुन्या तबकड्यांची अवस्था ठरवण्याच्या गोल्डमाइन पद्धतीत ‘मिंट’ आणि ‘निअर मिंट’ यांच्या खालचा हा दर्जा आहे, आणि त्याची किंमत ‘निअर मिंट’च्या साधारण निम्मी धरली जाते, त्या मोजपट्टीवर नुसते ‘गुड’ म्हणजे वाईटच. विक्रेत्याने दर्जा नुसता पाहून लावला आहे की वाजवून, हे विचारा. शांत जागेचा अर्ध्या मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवायला सांगा; जो ३८ हजार मागतो त्याने एवढे कष्ट घ्यावेत ही अपेक्षा गैर नाही, आणि तो टाळाटाळ करू लागला तर व्यवहार सोडून द्या. तबकडी कव्हराच्या बाहेर, वेगळ्या आतल्या पिशवीत घालून पाठवण्यास आवर्जून सांगा, कारण प्रवासातल्या धक्क्यांनी कव्हरात असलेली तबकडी त्याची शिवण आतून फाडते आणि पन्नास वर्षांचा जुना कागद हे सोसत नाही. सीमाशुल्क आणि आयजीएसटी यांची आकारणी वस्तूच्या किमतीत वाहतूक व विमा मिळवून होते, तेव्हा तुमची खरी किंमत ३८ हजारांपेक्षा बरीच वर जाईल. विक्रेता ‘भेटवस्तू’ लिहून किंमत कमी दाखवतो म्हणाला तर नकार द्या. ते बेकायदा आहे, आणि पार्सल हरवले तर विम्यातून मिळणार ती कागदावर दाखवलेली रक्कमच.

पुण्याचा पावसाळा तबकडीपेक्षा कव्हरचा शत्रू आहे. प्लास्टिकला ओलीने काही होत नाही, पण जुलै-ऑगस्टमध्ये बंद कपाटात कागदावर बुरशी धरते आणि ती बुरशी कागदी आतल्या पिशवीतून खाचेपर्यंत पोहोचते. म्हणून मूळ कागदी पिशवी जपून वेगळी ठेवा आणि तबकडी पॉलिथिनच्या आतल्या पिशवीत घाला. बाहेरचे प्लास्टिकचे आवरण वरून उघडे असू द्या, गच्च चिकटवून बंद करू नका. सिलिका जेलच्या पुड्या कपाटात ठेवल्या तर त्या दर काही आठवड्यांनी तापवून कोरड्या कराव्या लागतात, नाहीतर त्यांचा उपयोग संपतो. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, विशेषतः पावसाचा मारा ज्या बाजूने येतो त्या भिंतीला. उन्हाळ्याचे भय वेगळे आहे : एप्रिल-मे महिन्यांत माळ्यावर किंवा पश्चिमेच्या खिडकीजवळ ठेवलेली तबकडी वाकते, आणि वाकलेली तबकडी पूर्ववत सरळ करण्याचा भरवशाचा घरगुती उपाय नाही. तबकड्या नेहमी उभ्या, सरळ आणि फार दाटीने नव्हेत अशा ठेवा. एकावर एक आडव्या रचू नका. शंभर लाँग प्ले तबकड्यांचे कव्हरांसह वजन पंचवीस-तीस किलोंच्या घरात जाते, तेव्हा भिंतीवरच्या हलक्या फळीवर विसंबू नका.

सुईकडेही पाहा. पेटीवजा स्वस्त रेकॉर्ड प्लेअरमधली सिरॅमिक कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला भाग, तबकडीवर पाच-सहा ग्रॅमचा दाब देते, चांगल्या कार्ट्रिजचा दाब दोन ग्रॅमच्या आसपास असतो. तुमचा प्लेअर पहिल्या प्रकारचा असेल, तर ३८ हजार आधी तिकडे वळवा. मूळ प्रेसिंग पुढच्या वर्षीही कोणीतरी विकत असेल.

राहिल्या तुमच्या वडिलांच्या तबकड्या. त्यांना अल्कोहोल अजिबात लावू नका. ७८ गतीच्या तबकड्या लाखेपासून बनवलेल्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. एकदाच पुसले तरी पृष्ठभाग मंद होतो आणि खाचेची धार जाते, जी परत येत नाही. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब घालून मऊ कापड केवळ ओलसर करा, खाचेच्या दिशेने फिरवा, कागदी लेबल कोरडे ठेवा, नुसत्या डिस्टिल्ड पाण्याच्या कापडाने साबण काढून लगेच पुसून घ्या आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. पाण्यात बुडवून ठेवू नका, कारण जिथे कड उडालेली असते तिथून पाणी आत शिरते. त्या वाजवायच्या असतील तर लाँग प्लेची सुई वापरू नका, ७८ च्या खाचेसाठी तिच्या तिपटी-चौपटीने जाड टोकाची वेगळी सुई मिळते. १९९० साली मुंबईत सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने अशा जुन्या तबकड्यांच्या नोंदी आणि लेख आपल्या नियतकालिकातून प्रसिद्ध केले आहेत. लेबलावरचे क्रमांक वहीत उतरवून घ्या आणि त्यांच्याशी ताडून पाहा. वडील असतील तर कोणती तबकडी त्यांनी कुठून घेतली तेही त्यांच्याकडून लिहून घ्या.